रेवणअप्पांच्या दारातली चाल

देवानं गावात माणसं हजार-बाराशे घातली, पण कान मात्र एकालाच दिले आणि ते आपल्याला, अशी रेवणसिद्ध अप्पांची पक्की समजूत होती. बाकीच्यांच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी जे काही लटकत होतं ते त्यांच्या मते टोपी खाली घसरू नये एवढ्यापुरतं.

अप्पांचं कापडाचं दुकान होतं. तेलगावहून आत वळलं की जे गाव लागतं, त्या गावच्या बाजाराच्या रस्त्यावर, उंच ओट्याचं, वडलांच्या वेळेपासूनचं. कपाळाला भस्माचे पट्टे ओढून अप्पा सकाळी नऊला गादीवर बसत ते अंधार पडेपर्यंत. ब्लाउजपीस, धोतरं आणि आहेराची टॉवेल-टोपी विकायची आणि मधल्या वेळात येणाऱ्या-जाणाऱ्याची अक्कल काढायची, असा दिनक्रम. गिऱ्हाईक कमी झालं तरी दुसरं काम कधी कमी पडलं नाही.

चैत्रात महादेवाची जत्रा भरे आणि पालखीपुढं अंबाजोगाईचा चंद्रकोर ब्रास बँड वाजे. आजूबाजूच्या गावांनी कधीच डीजे धरला होता. छातीत धडधडलं म्हणजे गाणं ऐकलं, असं मानणारी ती गावं. त्यांचं नाव निघालं की अप्पा नुसतं ‘हॅ’ करत आणि त्या एका अक्षरात त्या गावांची जमीनजुमल्यासकट वासलात लावत. चंद्रकोर बँड मात्र त्यांचा जीव की प्राण. बावीस वर्षं तो बँड येत होता आणि बावीस वर्षं जत्रेआधीचे आठ दिवस अप्पांच्या ओट्यावर एकच विषय चाले. औंदा कुठं काय वाजणार?

पालखी देवळातून निघून पाच ठिकाणी टेकायची. वेस, मारुतीचा पार, अप्पांचं दुकान, चढावरची चावडी आणि शेवटी मेंढरंवाल्या आश्रुबाच्या गल्लीचं तोंड. पाच थांबे, पाच गाणी. ओट्यावरचा प्रत्येक जण आपापली यादी कागदावर लिहायचा आणि जत्रेच्या आदल्या दिवशी त्या सगळ्यांदेखत वाचल्या जायच्या. ज्याची यादी जुळेल त्याला बक्षीस काही नसे. ‘तुला काय कळतंय बे’ असं पुढं वर्षभर दुसऱ्याला म्हणायचा परवाना मिळे, एवढंच. अप्पांची यादी पुरती कधीच जुळली नव्हती, पण परवान्यावाचून त्यांचं अडलंही नव्हतं.

अप्पांचं शास्त्र होतं. तरुणपणी मामाकडं अंबाजोगाईला असताना ते तीन महिने पेटी शिकायला जात होते. तिसऱ्या महिन्यात गुरुजींनीच हात जोडले. तेवढ्या भांडवलावर अप्पांनी जन्मभर दुकान चालवलं, कापडाचं नव्हे, दुसरं. चार वाजता अमुक सूर, उन्हं कलली की तमुक, गाणाऱ्याच्या मनाचा कल, ऐकणाऱ्याची लायकी, असं ते बोलायला लागले की ओट्यावरची माणसं माना हलवत. कळलं म्हणून नव्हे, तर न हलवली तर पहिल्यापासून सुरू होईल म्हणून.

पण या सगळ्या शास्त्राचा मेरू म्हणजे तिसरा थांबा. पालखी दुकानापुढं टेकली की ट्रम्पेट, बाजे, झांजा सगळं गप व्हायचं. बँडचे बंकट मास्तर एकटे क्लॅरिनेटवर एक संथ चाल वाजवायचे, मागं एखादा ढोल टिचकी मारल्यागत. अप्पा गादीवर डोळे मिटून मान डोलवायचे. बँडनं दरसाल बाकीची गाणी बदलली, हे नाही बदललं. पहिल्याच वर्षी आपली मान डोललेली मास्तरांनी पाहिली, गावात कुणीतरी जाणता आहे हे ओळखलं आणि तेव्हापासून ती चाल आपल्यासाठी राखून ठेवली, हे अप्पांना सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. मास्तरांशी ते एकदाही बोलले नव्हते. कलावंत आणि दर्दी यांच्यात बोलायची गरजच काय, असं त्यांचं मत. गावातल्या प्रत्येक माणसाशी न विचारता बोलणाऱ्या माणसाचं हे मत होतं.

हे सगळं ओट्यावरच राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मागच्या महिन्यात अप्पांच्या शिवानीचा साखरपुडा झाला. व्याही महांतेश सर, अंबाजोगाईला कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, घरात तानपुरा उभा असलेले. जेवणं झाल्यावर सर पाहुण्यांना कुठल्या कुठल्या मैफलींबद्दल सांगत बसले. कोण कसं बसलं, कुणी काय आळवलं. सगळे तोंडात बोट घालून ऐकत होते आणि अप्पांकडं कुणी बघत नव्हतं. सरांनी त्यांना एकदाच काही विचारलं, ते सुटाच्या कापडाचा भाव. अप्पांच्या जिव्हारी लागलं ते. पोरीच्या सासरी आपण जन्मभर मीटर घेऊन उभा राहिलेला माणूस म्हणूनच राहणार, हे त्यांना दिसलं आणि सहन झालं नाही.

“सर, आमच्याकडं मैफल दारात येती,” ते मोठ्यानं म्हणाले. “चंद्रकोरचे मास्तर माझ्या दुकानाम्होरं थांबून खास माझ्यासाठी एक चाल वाजवितात. बावीस वर्षं झाली.”

सर खुर्चीत पुढं सरकले. “काय सांगता! मग ऐकायलाच हवी. जत्रेला येतोच मी.”

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जत्रेच्या आदल्या दुपारी याद्या वाचल्या गेल्या. मोबाइलचं दुकान असलेल्या सोमनाथनं चंद्रकोरनं या सिझनला लग्नात वाजवलेली गाणी रील बघून बघून उतरून आणली होती.

“लग्नातला बँड आन् पालखीतला बँड एकच का बे?” अप्पा म्हणाले. “उद्या म्हणशील तेराव्यात वाजविलं तेच देवाम्होरं वाजविणार.”

“पर अप्पा, माणसं तीच हायेत ना वाजविणारी...”

“माणसं तीच, परसंग कोणता? आपल्याला कळत न्हाई तर गप बसावं माणसानं. त्याला पैसे पडत न्हाईत.”

रामेश्वरनं दरवर्षीची तीच यादी आणली होती. ती वाचायचे कष्टही अप्पांनी घेतले नाहीत, कागदाची घडी करून तिनं कान कोरला. मग स्वतःची यादी खणखणीत आवाजात वाचली. वेशीत गणपतीचं, पारावर भजन, दुकानापुढं ती चाल, चावडीला लावणी, शेवटाला आरतीची धून. “आन् ह्यातलं तिसरं तर काळ्या दगडावरची रेघ,” ते म्हणाले. “उद्या आमचे व्याही येणार हायेत त्याच्यासाठी.”

ओट्याखाली आश्रुबा उभा होता. मेंढरं मागच्या रानात बसवून तो तंबाखू घ्यायला आला होता. पालखीवर अब्दागिराची छत्री धरायचा मान त्याच्या घराण्याकडं होता, त्यामुळं बावीस वर्षं तो बँडच्या पाठोपाठ चालत आला होता. त्याची यादी आजवर कुणी मागितली नव्हती आणि आजही मागितली नाही. त्यानं आपणहून तोंड उघडलं.

“अप्पा, राग मानू नका. पर औंदा तुमच्या दारात ती चाल न्हाई वाजायची.”

“कावून?”

“हापसा न्हाई ना आता.”

ओटा खदखदून हसला. अप्पाही हसले, पण थोडं उशिरा.

हापसा खरंच नव्हता. दुकानाला लागून, पायरीपासून चार हातांवर तो होता तेव्हा दिवसभर बायकांच्या घागरी, चिखल आणि भांडणं. गिऱ्हाइकाच्या अंगावर पाणी उडायचं. अप्पांनी तीन वर्षं अर्ज केले, सरपंचाच्या मागं लागले आणि दिवाळीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा हापसा उपटून घेतला. त्याच्या बदल्यात पंचायतीनं आश्रुबाच्या गल्लीच्या तोंडाला काळी टाकी बसवून नळ काढले. त्या दिवशी अप्पांनी ओट्यावर पेढे वाटले होते.

“गाणं कळाया कान लागतेत बे, हापसा न्हाई,” अप्पा म्हणाले. “मेंढरामागं हिंडून हिंडून तुला सगळी दुनिया पाण्यावर येनारी दिसाया लागली.”

“चैताचं ऊन हाय अप्पा. फुंकून फुंकून घसा वाळतो मान्साचा. मी मागंच अस्तो की, बगतो...”

“मास्तर मेंढरू हाय का?”

“न्हाई.”

“मंग? तू अब्दागीर धर आन् गप चाल. वर बघून चालायचं काम तुझं, त्यात डोस्कं लागत न्हाई म्हणून तर दिलंय तुमच्या घराला.”

हे जरा जास्त झालं. सोमनाथसुद्धा खाली बघायला लागला. आश्रुबानं तंबाखूची पुडी बंडीच्या खिशात घातली आणि तो गेला. अप्पांना बरं वाटलं. गाढवाला गुळाची चव काय, असं ते दोनदा म्हणाले, दुसऱ्यांदा ऐकायला कुणी नव्हतं तरी.

आत अप्पांच्या पत्नी शांतादेवी सगळं ऐकत होत्या. रात्रीच्या भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “तो आश्रुबा म्हणतोय त्यात काय खोटं हाय? मी बी बघत आले की. तुमी डोळे मिटून बसता, म्हणून तुमाला दिसत न्हाई. पोरं हापशावर तुटून पडायची. उद्या दोन घागरी अन् पेले ठिवते वट्यावर. काय जातंय आपलं?”

अप्पा ताटावरून अर्धवट उठले. “कलावंताला घागर दाखवून थांबवायचं? उद्या व्याह्याम्होरं मी काय पाणपोई मांडून बसू? तो बावीस साल माझ्यासाठी वाजवितोय आन् तू त्याला पेल्यावर आणून ठिवलं! खबरदार एक तांब्या जरी बाहेर दिसला तर.”

शांतादेवींनी तव्यावरची भाकरी उलटली. चाळीस वर्षांच्या संसारात कुठं गप बसायचं ते त्या शिकल्या होत्या. नवरा कुठं गप बसायचं ते शिकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला महांतेश सर गाडीतून उतरले. पांढरा सदरा, खिशाला पेन. अप्पांनी ओट्यावर दोन खुर्च्या मांडून त्यांवर नव्या चादरी घातल्या होत्या आणि बाकीच्या मंडळींना खाली उतरवलं होतं. ऊन भाजून काढत होतं. वेशीतून ढोलाचा आवाज आला तशी अप्पांनी सरांना यादी समजावून द्यायला सुरुवात केली.

वेशीत गणपतीचं वाजलं. “बघा,” अप्पा म्हणाले. तेवढं रामेश्वरच्या यादीतही होतं, खरं म्हणजे सगळ्यांच्याच यादीत होतं. पारावर भजनाऐवजी कोळीगीत वाजलं तेव्हा अप्पा किंचित हसले. “पारावर पोरंठोरं जमतेत. त्यांच्या लायकीचं वाजवून मास्तर मोकळे झाले. आता बघा.”

मग बँड बाजारात शिरला. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, काखेत घामाची नकाशाएवढी डबकी आणि पायांत कुणाच्या चपला तर कुणाचे फाटके बूट. मधे बंकट मास्तर, पासष्टीचे, काटकुळे, एका पायानं जरा लंगडत. त्यांच्या मागं आश्रुबा अब्दागीर धरून. पालखी दुकानापुढं टेकली. अप्पांनी सरांच्या दंडाला हात लावला, डोळे मिटले आणि मान तयार ठेवली.

ट्रम्पेट गप झाले नाहीत. उलट दोन्ही एकदम किंचाळले आणि डीजेवाल्यांच्या गावात वाजतं तसलं एक धांगडधिंगा गाणं सुरू झालं. पोरं नाचायला लागली. अप्पांनी डोळे उघडले. मास्तर खाली रस्त्याकडं बघत वाजवत होते. त्यांनी एकदा मान वर केली तेव्हा अप्पा खुर्चीत ताठ झाले, पण मास्तरांनी ओट्याच्या कडेला, जिथं हापसा होता तिथं बघितलं, गुळगुळीत सिमेंट दिसलं आणि त्यांनी हातानं पुढं चला अशी खूण केली. दोन मिनिटांत पालखी उचलली गेली. ओट्यापुढं चुरमुरे आणि धूळ उरली.

“हे तुमचं?” सरांनी सावधपणे विचारलं.

“हे न्हाई. हे... गर्दी लई हाय आज. तुमी च्या घ्या सर, मी आलोच.”

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा अप्पा बँडच्या मागं चालायला लागले. धोतराचा सोगा हातात धरून, धापा टाकत. चावडीच्या चढावर वाजवणाऱ्यांचे गळे फुगलेले त्यांनी जवळून पाहिले. एका पोरसवदा ट्रम्पेटवाल्याच्या ओठातून रक्त आलं होतं, ते त्यानं बाहीनं पुसलं आणि परत तोंडाला लावलं. हे सगळं इतकी वर्षं ओट्यावर बसून दिसत कसं नव्हतं, असा विचार अप्पांच्या मनात आला नाही. त्यांच्या मनात एकच होतं. चाल वाजलीच पाहिजे, मग मास्तरांना हात जोडून परत दुकानापुढं आणावं लागलं तरी चालेल.

आश्रुबाच्या गल्लीच्या तोंडाला पालखी टेकली आणि सगळा पितळी गोंगाट एका क्षणात थांबला. लाल कोटवाले काळ्या टाकीवर तुटून पडले. आश्रुबाची बहीण रतनबाई पेले विसळून देत होती. कुणी नळाखाली डोकं धरलं, कुणी दोन-दोन पेले घशात ओतले. आणि मधे, एकट्या ढोलाच्या टिचकीवर, बंकट मास्तरांनी ती चाल धरली.

तीच. एक सूरसुद्धा इकडचा तिकडं नाही. अप्पा गर्दीत उभ्या-उभ्या ऐकत राहिले. डोळे मिटायचं सुचलं नाही.

चाल संपली. सगळ्यांचं पिऊन झाल्यावर मास्तरांनी शेवटी स्वतः पेला घेतला. अप्पा पुढं झाले.

“मास्तर, मी रेवणसिद्ध.”

“राम राम. बोला मालक.”

“कापडाचं दुकान. ही चाल तुमी दरसाल माझ्या दारात वाजविता.”

मास्तरांनी तोंड पुसलं आणि आठवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. “तुमचं दुकान कुटं आलं?”

“बाजारात. उंच वटा. मी गादीवर बसून मान... तुमी बघत असाल की.”

“माजं ध्यान सगळं खाली अस्तंय मालक. गुडगा गेलाय, खड्ड्यात पाय पडला तर क्लॅरनेट मोडंल.” मग एकाएकी मास्तरांचा चेहरा उजळला. “हापशापाशी व्हय! हां हां. लई ग्वाड पाणी व्हतं त्याचं. कुण्या शान्यानं काढला काय की. ही आमची दम खायाची चाल. मी एकटा वाजवितो, तवर पोरं पाणी पिऊन घेतेत. त्याच्याबिगर पुडं फुंकवत न्हाई.”

जगातल्या प्रत्येकाला तोंडावर मूर्ख म्हणणाऱ्या माणसाला आज शहाणा म्हटलं गेलं होतं. बावीस वर्षं आपण कुणाच्या तरी पाणी पिण्याला डोलत होतो. हे ओट्यावर कळलं तर? आणि व्याह्याला?

तेवढ्यात मागून आवाज आला. “अप्पा, इथं आहात होय!” महांतेश सर चहा टाकून मागोमाग चालत आले होते. चेहऱ्यावर घाम आणि खरा आनंद. “अहो, आत्ता जे वाजलं ते काय होतं! इतकं साधं, इतकं खोल. मी चावडीपाशी थबकलोच. तुमची चाल ती हीच का? पण मग इथं कशी वाजली? तुमच्या दारात वाजते म्हणाला होता ना?”

मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं. अप्पांना ते दिसत होतं. पोरीचं सासर, घरातला तानपुरा, सरांचा तो सुटाच्या कापडाचा भाव, सगळं त्यांच्यापुढं उभं राहिलं.

“अप्पांचीच हाय ती,” आश्रुबा म्हणाला.

अब्दागिराची काठी त्यानं खांद्याला टेकवली होती. तो सरांकडं बघून बोलत होता, अप्पांकडं नाही. “बावीस साल झाली. मास्तर बाजारात त्यांच्याचसाठी थांबायचे. औंदा तिथं पोरांनी लई दंगा केला म्हणून अप्पाच म्हणले, चाल हितं निवांत वाजू द्या. म्हणून तर ते हितवर आले चालत. एरवी अप्पा वटा सोडत न्हाईत.”

मास्तरांनी आश्रुबाकडं बघितलं, मग अप्पांकडं, आणि काय समजायचं ते समजून पेला खाली ठेवला. “व्हय,” ते म्हणाले. “मालकांचीच.”

सरांनी अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. “भाग्यवान आहात. आम्ही तिकिटं काढून ऐकत हिंडतो.”

अप्पांना आश्रुबाचा भयंकर राग आला. शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत उघडं पाडलं असतं, तर उलट दोन देता आल्या असत्या. पण ज्याला काल डोकं नाही म्हणून हाकललं, त्यानंच आज डोकं चालवून आपली अब्रू आपल्या हातात आणून दिली होती, आणि ती घ्यावी लागणार होती. नको म्हणायची सोयच त्यानं ठेवली नव्हती.

“खरं ना अप्पा?” सर हसून म्हणाले.

“बरोबर बोलला आश्रुबा,” अप्पा म्हणाले. बावीस वर्षांत त्यांनी आश्रुबाला बरोबर म्हटलं ते आज पहिल्यांदा, आणि नेमकं तो खोटं बोलला तेव्हा. आश्रुबानं ते ऐकलं, मान खाली घातली आणि पालखी उचलायची वेळ झाली म्हणून अब्दागीर वर धरलं.